शवासनात नळ आले

अर्जुनरावांनी तीस वर्षं लातूर–नांदेड मार्गावर एसटी चालवली. समोर ट्रॅक्टर आडवा आला की त्यांच्या तोंडून जे बाहेर पडायचं, ते ऐकून पुढच्या सीटवरच्या बायका कानावर पदर घ्यायच्या. निवृत्त झाले तेव्हा रक्तदाब सोबत घेऊनच घरी आले. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर योग सांगितला आणि हा माणूस त्याच्या असा नादी लागला, की दोन वर्षांत आमच्या गल्लीचा गुरूच झाला. मी शाळेत शिक्षिका. दुसऱ्यांचं शिकवणं मला सहसा पटत नाही, पण अर्जुनरावांपुढं मुकाट पडून राहायचे.

गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटवर रोज पहाटे आम्ही चाळीस जण जमायचो. अर्जुनराव शिकवायचे तेही ड्रायव्हरच्याच भाषेत. "श्वास हळूहळू सोडा, घाट उतरून राहिलो आपण. मॅडम, खांदे ढिले सोडा, स्टेअरिंग न्हाई तुमच्या हातात!" चिडणं मात्र त्यांनी पार सोडलं होतं. राग आला की तीन श्वास घ्यायचे. त्यांच्या पत्नी, नागाबाई, सांगायच्या, "भाजीत मीठ न्हाई म्हणायलाबी आता ह्यांला तीन श्वास लागतात. तवर मी ताट उचलते."

मार्चमध्ये प्लॉट विकला गेला. सोमवारपासून पाया खोदणार होते. गल्लीच्या तोंडाशी एका संस्थेचं सभागृह आहे, सकाळी रिकामंच असतं. अर्जुनराव संस्थेच्या विश्वस्तांना, शरणप्पांना, जाऊन भेटले. शरणप्पा म्हणाले, "भजनी मंडळाला दिलं होतं, त्यांनी भांडून माईक फोडला. तुम्ही शांत माणसं असाल तर देतो. शनिवारी बघायला येतो." सभागृह मिळालं नाही तर वर्ग बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. अर्जुनरावांनी आम्हाला बजावलं, "पंधरा मिनिटं शवासन. काहीबी झालं तरी उठायचं न्हाई."

शनिवारी शरणप्पा प्लॉटवर खुर्ची टाकून बसले. आम्ही डोळे मिटून आडवे झालो. पाच मिनिटं झाली नाहीत तोच शेजारच्या घरात पाण्याची मोटार घरघरली. मग पलीकडची. कुणीतरी गच्चीवरून ओरडलं, "नळ आले!"

आमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी येतं, तेही पाऊण तास. पाळी सोमवारची होती, पण पाणी दोन दिवस आधीच सुटलं होतं. चाळीस जणांचा श्वास एकदम अडकला. तरी कुणी हललं नाही. मी एक डोळा किलकिला केला. शेजारच्या चटईवर आमच्या गल्लीतली सिंधू ताठ पडली होती आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. दुपारी तिच्या मुलीला बघायला उमरीचे पाहुणे येणार होते, आणि घरात जेमतेम दोन घागरी पाणी उरलं होतं.

अर्जुनराव आमच्यामधून फिरत होते. ते सिंधूपाशी थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, लक्ष श्वासावर ठेवा. त्यांनी शरणप्पांकडं पाहिलं, परत सिंधूकडं पाहिलं आणि बसस्टँड हादरेल अशा आवाजात गरजले, "अरे, मुडद्यावानी काय पडलात! नळ आले, पळा!"

सगळ्यात आधी मी पळाले. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पाणी भरून चटई न्यायला परत गेले, तर शरणप्पा निघून गेले होते. अर्जुनराव एकटेच आमच्या चटया झटकून गुंडाळत बसले होते.

"हॉल?" मी विचारलं.

"न्हाई म्हणले. म्हणले, ही कसली तुमची शांती?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, मालक, शवासन उद्याबी करता येतंय. पाणी आता आठ दिवसांनी."

"राग आला असेल."

"लई आला. तीन श्वास घेतले, तरी जाईना. मग अजून तीन घेतले." त्यांनी पुढची चटई ओढली. "सिंधूचं पाणी भरलं का?"

"ड्रम काठोकाठ भरलाय."

"हाव? मग झालं की."

मला माझ्या पळण्याची लाज वाटली. मीही खाली बसून चटया गुंडाळू लागले.

रविवारी अर्जुनरावांनी घरोघर निरोप धाडला. वर्ग त्यांच्या गच्चीवर भरणार होता, पण तिथं एका वेळी दहाच जण मावतात, म्हणून त्यांनी सगळ्यांचे नंबर लावले. आता आमच्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी येतं आणि शांती चार दिवसांनी. माझा नंबर उद्या आहे.