पाचवा ‘हं’

ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी बसणाऱ्या मामांना सगळ्या सिस्टर पाठीमागे उंदीरमामा म्हणत. मामांना ते ठाऊक होतं, आणि त्यात खोटं तरी काय होतं? माउसवर हात ठेवून बसायचं, हेच त्यांचं काम. डॉक्टरांनी एकदा हात धुऊन हातमोजे चढवले की कशाला म्हणून शिवायचं नाही. मग पडद्यावर पेशंटच्या स्कॅनची चित्रं हलवणार कोण? तर हे महाशय. बावीस वर्षं.

डॉक्टर होते अबोल. किती, तर ऑपरेशनला उभे राहिले की तोंडून फक्त ‘हं’ निघायचा. आखूड हं म्हणजे पुढचं चित्र. लांबवलेला हं म्हणजे मागचं. शेवटी वर चढला तर चित्र मोठं करा, आणि नाकातून आला तर कोणीतरी बडबडतंय, गप्प बसा. मामांची सगळी विद्या काय ती एवढी. “लोक चार भाषा शिकतात, मी चार हं शिकलो,” असं ते घरी सांगत. बायको म्हणे, “आणि मी सरळ शब्दांत साबण आणायला सांगते, ते मात्र तुमच्या डोक्यात शिरत नाही.”

मग ते यंत्र आलं. तुम्ही बोला, ते ऐकेल आणि चित्र हलवेल. हात लावायची गरजच नाही. बरोबर आलेल्या इंजिनिअर बाई इतक्या हसतमुख की मामांना त्यांचा धड रागही येईना. बाईंनी डॉक्टरांना विचारलं, “ऑपरेशनच्या वेळी तुम्ही कोणते शब्द वापरता?”

“साधेच,” डॉक्टर म्हणाले. “पुढे, मागे, मोठं.”

मामांनी चमकून पाहिलं. यातला एकही शब्द बावीस वर्षांत त्यांच्या कानांवर पडला नव्हता. पण डॉक्टर थापा मारत नव्हते. आपण बोलतो, असं त्या भल्या माणसाला खरंच वाटत होतं.

मामांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते मूग गिळून बसले, कारण सकाळीच मोठ्या सिस्टरनी त्यांना बजावलं होतं: शुक्रवारचं ऑपरेशन यंत्रावर नीट झालं, की सोमवारपासून तुम्ही तळघरात, चादरींच्या खोलीत. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना ही उचलबांगडी. पडू दे यंत्र तोंडावर, मामांनी मनाशी म्हटलं. एवढा बेरकीपणा आपल्याला जमतो हे पाहून त्यांना थोडा अभिमानच वाटला.

शुक्रवारी यकृतातली गाठ काढायची होती. सवयीनं कोणाचा हात जायला नको म्हणून बाईंनी माउस काढून कपाटात ठेवला होता आणि त्या बाहेर जाऊन थांबल्या होत्या. मामा भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे.

“हं,” डॉक्टर म्हणाले. पडदा ढिम्म.

“हं.” पडदा तसाच. मामांना आतून गुदगुल्या होत होत्या.

आणि रक्त यायला लागलं. गाठीच्या मागची रक्तवाहिनी नेमकी कुठून जाते, ते डॉक्टरांना पाहायचं होतं. त्यांचे दोन्ही हात पेशंटच्या पोटात, नजर पडद्यावर. “हं?” शेवटी वर चढलेला, आणि थोडा कापरा.

मामांचा बेरकीपणा दहा मिनिटंसुद्धा टिकला नाही. “मोठं,” ते बोलून गेले.

चित्र मोठं झालं. “हं.” “पुढे.” “हंऽऽ.” “मागे.” वाहिनी सापडली, रक्त थांबलं. पुढचे दोन तास उंदीरमामा एका खोक्याला डॉक्टरांचं भाषांतर करून सांगत राहिले, आणि प्रत्येक शब्दासरशी तळघराची एकेक पायरी उतरत राहिले. पेशंट सुखरूप बाहेर गेला.

“उत्तम यंत्र आहे,” हातमोजे काढत डॉक्टर म्हणाले. “मी बोललो ते सगळं ऐकलं त्यानं.”

आत आलेल्या बाई हे ऐकून खूश झाल्या. यंत्र सगळे आवाज साठवून ठेवतं म्हणाल्या आणि त्यांनी ते लावून दाखवलं. हं. हं. हं? मोठं. हं. पुढे. हंऽऽ. मागे.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. “हे हं हं कोण करतंय?”

मागे एका सिस्टरला एकदम खोकला आला.

“तुम्हीच, सर,” मामा म्हणाले.

डॉक्टर स्टुलावर बसले आणि त्यांनी उरलेलं सगळं ऐकलं. शेवटी त्यांनी मामांकडे पाहिलं.

“हं,” ते म्हणाले.

मामांनी आपली सगळी विद्या पणाला लावली. हा आखूड नव्हता, लांब नव्हता, वर चढला नव्हता, नाकातलाही नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना विचारावं लागलं, “म्हणजे काय, सर?”

डॉक्टरांनी एकेक शब्द जुळवला. “म्हणजे... सोमवारी वेळेवर या, मामा. इथेच.”

मामांना खूप काही बोलायचं होतं. पण त्यांच्याही तोंडून कसंबसं निघालं ते एवढंच, “हं.”