कार्डावरचं नाव

माझ्या सासऱ्यांचा म्हाळ आम्ही दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला घालायचो. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचा तो दिवस. बायकोला भाऊ नव्हता, म्हणून सगळं आमच्याच घरी. लालबागच्या खोलीत ती पहाटे उठून वडे करायची, काळ्या वाटाण्याची आमटी करायची, आणि कावळ्याच्या घासाची वाडी ठेवताना दरवर्षी तेच बोलायची.

"माझा बाप काय बेवारशी होता? त्याला स्वतःचा दिवस नको?"

सासरे कोकणातून परळला गिरणीत आले होते. बायको-मुलगी गावी, ते इथं गावमंडळाच्या खोलीत. ही चार वर्षांची असताना ते इथंच दवाखान्यात गेले. खोलीतल्या माणसांनी अग्नी दिला आणि गावी पत्र टाकलं. सासूला वाचता येत नव्हतं; शेजाऱ्यानं वाचून दाखवलं, पण तारीख कुणाच्या ध्यानात राहिली नाही. कोनाड्यात ठेवलेलं ते पत्र वाळवीनं खाल्लं. ज्या साली परसातली विहीर खणली ते साल, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

ती मला म्हणायची, अहो, एकदा स्मशानाचं रजिस्टर बघून या, तुम्ही त्याच रस्त्यानं कामावर जाता. मी म्हणायचो, मेला तो मेला, तारीख कळून काय उठून बसणार आहे? हे मी एकदा नाही, तीस वर्षं म्हटलं. एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं. ती खाली मान घालून वाढत राहिली.

मागच्या साली ती गेली. दाखला घ्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, काका, नाव नि तारीख नीट वाचून घ्या, मागाहून त्रास होतो. मी चौथीपर्यंत शिकलेला. बोट ठेवून वाचलं. नाव होतं, तारीख होती, वेळसुद्धा होती. तिच्या बापाचं एवढंही आमच्याकडे नव्हतं. मी खिडकीशीच विचारलं, जुनी रजिस्टरं बघायला मिळतात का? शिरगणतीच्या कागदांचंही विचारलं. त्यात माणूस कुठं राहत होता ते तरी असेल असं वाटलं. बाई म्हणाल्या, शिरगणतीत डोकी मोजतात, नावं कुणाला दाखवत नाहीत. रजिस्टरासाठी अर्ज करा.

विहिरीच्या कठड्यावर कोरलेलं साल घालून अर्ज केला. आठ दिवसांनी त्यांनी त्या सालचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. सकाळभर बोट फिरवत बसलो. कोकणातली माणसं पानोपानी. तान्ह्या पोरांपुढे "पुरले" असं लिहिलेलं, आणि नावाची जागा रिकामी. सासऱ्यांचं नाव कुठंच नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. बघितलं, नाही सापडलं, सुटलो.

पण घरी येऊन बसवेना. दुसऱ्या दिवशी गावमंडळाच्या खोलीवर गेलो. ती अजून आहे. तिथं एक म्हातारा असतो, आमच्याच गावचा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, मंडळाचं दप्तर तोच सांभाळतो. मी सगळं सांगितलं. तो पान चघळत ऐकत राहिला.

"कार्डावरचा नाव बघितलंस काय रे?"

मी म्हटलं, कसलं कार्ड?

"तू पण भावाच्याच कार्डावर होतंस मा? मग डोक्या खंय ठेवलंस?"

सहा वर्षं मी गिरणीत थोरल्या भावाच्या कार्डावर काम केलं. तो गावी शेती बघायचा, मी त्याच्या नावानं साचे चालवायचो. आमच्यातल्या निम्म्या माणसांचं हेच. दवाखाना कार्डावर मिळायचा, म्हणून तिथंही तेच नाव, आणि मेला तर स्मशानातही तेच.

म्हाताऱ्यानं वही काढली. दर दसऱ्याला मंडळ स्वतःची शिरगणती करायचं. कोण कुठल्या वाडीचा, कुणाची सामानाची पेटी खोलीत कुठं, आणि शेजारी आणखी एक रकाना, कार्डावरचं नाव. सासऱ्यांपुढे त्यांच्या चुलतभावाचं नाव होतं. तो चुलतभाऊ पुढे आमच्या लग्नात चांगला पोटभर जेवून गेला. पेटीच्या रकान्यात लिहिलं होतं, खिडकीखाली. त्या खिडकीखाली आता गॅसची सिलिंडरं आहेत. मी तिथं जाऊन उभा राहिलो. तिला हे बघायला किती आवडलं असतं.

आणि तिनं मला सांगितलं होतं. लग्नाला वर्षदेखील झालं नसेल. म्हणाली होती, आई सांगायची, गिरणीत बाबांना काकाच्या नावानं हाक मारायचे. मी म्हटलं, तुझ्या आईला काय कळतंय गिरणीतलं. मला कळत होतं ना. कळत असून मी विचार केला नाही.

पुन्हा रजिस्टर मागितलं. ज्या पानावरून माझं बोट गेलं होतं, त्याच पानावर ते होते. चुलतभावाचं नाव, आमचं गाव, गिरणी कामगार. आमच्या मुलीनं मोबाईलवर तिथी काढून दिली. वद्य पंचमी. सगळ्याला मिळून तीन सकाळी लागल्या.

यंदा पितृपक्षात पंचमीला सासऱ्यांचा म्हाळ घातला. वडे मुलीनं केले. गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा खरं सांगितलं, मोठ्यानं. चार दिवसांनी नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ती तिथी. त्या दिवशी हिचं पान वाढलं.

अमावास्येला करायचं काहीच उरलं नव्हतं. सवयीनं पहाटे उठलो, चहा केला, एकट्यानं प्यायलो.