विंगेतले काकाजी

जगातल्या कुठल्याही माणसाचं अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करून देईल असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्याच सासरी निघाला. माझ्या सासऱ्यांचे हे धाकटे भाऊ. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना काकाजी म्हणते. तिरोड्याच्या बाजूला त्यांचं गाव. पावसाळ्यात धानाची शेती आणि दिवाळी झाली की उन्हाळ्यापर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर, असा त्यांचा उभा जन्म गेला. आमच्या भागातली ही नाटकं आज या गावात तर उद्या त्या गावात. तालमीला वेळ कुणाला असतो? नट तोंडाला रंग लावून उभे राहतात आणि विंगेत बसलेला प्रॉम्प्टर हातात पुस्तक धरून त्यांना वाक्यामागून वाक्य पुरवतो. "माह्याशिवाय एक राजा धड मेला नाई बापा," काकाजी छाती काढून सांगतात. "तलवार लागली, पडला, अन् पडल्या पडल्या माह्याकडेच पाह्यते. आता का बोलू म्हणते!"

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून ते गोंदियाजवळ कुडव्याला आमच्या घरी आले आणि राहिले ते राहिलेच. नाटक सुटलं होतं, पण सवय सुटते थोडीच! लग्नात भटजींनी मंगलाष्टकाच्या मध्ये श्वास घेतला की पुढची ओळ मागून ऐकू आलीच म्हणून समजा. कुणाकडे मयतीला गेलं की भेटायला आलेली माणसं बिचारी काय बोलावं ते न सुचून चुळबुळत बसतात. त्यांच्या पाठीमागे सरकून काकाजी कुजबुजतात, "धीर धरा म्हणा." आणि तो माणूस हुकमाचा ताबेदार असल्यासारखा म्हणतो, "धीर धरा." टीव्हीवर बातम्या देणारी बाई जरा अडखळली की हे सोफ्यावर पुढे सरसावतात. आणि आम्हा नवरा-बायकोचं भांडण! स्वयंपाकघराच्या दाराला पडदा आहे, त्याच्या मागे काकाजींची खुर्ची. मी "तुम्हाला माझ्या माहेरचं…" म्हणून दम घ्यायला थांबले की पडद्यामागून आवाज, "काहीच चांगलं दिसत नाही!" नवरा "तू तर नेहमी…" म्हणाला की त्यालाही माल तयार. दोन्ही बाजूंना सारखाच पुरवठा, पक्षपात म्हणून नाही. भांडण पार रंगायचं आणि शेवटी आम्हालाच हसू यायचं. हसू आवरलं की राग पुन्हा यायचा, ते वेगळं.

माझ्या मुलीच्या बारशाला तर त्यांनी कहरच केला. नाव ठरलं होतं रिया. छोटं, सुटसुटीत. नणंद पाळण्याशी वाकली, मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि इतक्या बायका बघताहेत म्हणून जराशी लाजून थांबली. झालं. ती नाव विसरली असं समजून मागून खणखणीत आवाज आला, "हेमांगिनी!" नणंदेने घाबरून तेच म्हटलं. बायकांनी घुगऱ्या वाटायला घेतल्या, आणि कानात एकदा सांगितलेलं नाव बदलत नाहीत म्हणून सासूबाई अडून बसल्या. कुठल्याशा नाटकातली ती राजकन्या होती म्हणे. मी दोन दिवस काकाजींना चहाचा कपही नीट हातात दिला नाही, समोर आदळला. त्यांनी तो आनंदाने प्यायला आणि वर म्हणाले, "नाव वजनदार बसलं."

आणि पुढे गंमत बघा. जिच्या गळ्यात एवढं भरगच्च नाव पडलं, ती पोरगी बोलेचना! दीड वर्षाची झाली, दोनाची झाली, तिसरं सरत आलं. आई, पप्पा, भू एवढ्यावर कारभार. समजायचं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, ज्याची त्याला द्यायची. पण तोंड मिटलेलं. मग सुरू झाला लोकांचा तमाशा. जो येईल तो तिच्यासमोर उकिडवा बसायचा. "बोल बेटा, आंटी बोल." "पाणी पाहिजे? पा-णी म्हण, मग देईन." तिच्या बरोबरीचा शेजारचा मुलगा गाणी म्हणायचा आणि त्याची आई ती मुद्दाम आमच्या अंगणात म्हणवून घ्यायची. मीही काही कमी नव्हते. हातात बिस्किट धरून, "बिस्किट म्हण, बि-स्कि-ट!" माझा आवाज चढायचा, तिचे ओठ आणखी घट्ट व्हायचे. मनातून मी पार हादरले होते. आपली मुलगी कधी बोललीच नाही तर, हा एकच विचार भाजी चिरताना, गाडी चालवताना, सतत डोक्यात.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काकाजी सोबत होतेच. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं…" आणि काकाजींनी तत्परतेने पुरवलं, "काही कारण नाही!" डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "काळजीचं कारण आहे की नाही, ते मला तपासू द्या आधी, असं म्हणत होतो." तपासलं. कान उत्तम, समज उत्तम. मुलीशी भरपूर बोला, पण तिची परीक्षा घेत बसू नका आणि थोड्या महिन्यांनी परत दाखवा, असं सांगितलं. परतताना काकाजी मला म्हणाले, "मी आधीच सांगतलो नव्हतो का?"

पण माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली होती, आणि ती मला भारी खटकत होती. साऱ्या जगाला वाक्यं वाटत फिरणारा हा माणूस या एका पोरीला एक शब्द पुरवायचा नाही. बोलायचे तिच्याशी खूप. पडद्यामागच्या खुर्चीत तिला मांडीवर घेऊन धानाच्या, तलावातल्या मासोळ्यांच्या, राजांच्या मरणाच्या गोष्टी चालायच्या. पण तिने कशाकडे बोट दाखवून तोंड उघडलं की काकाजी गप्प. ती बघायची, हे बघायचे. कधी ती हुंकार द्यायची, कधी नुसतीच हसून पळून जायची, आणि हे "वा!" म्हणायचे, जणू काही तिने मोठं भाषण ठोकलं. एकदा माझा तोल गेला. "काकाजी, अख्ख्या गोंदियाला सांगत सुटता, मग हिलाच काऊन नाही सांगत?"

ते पहिल्यांदा जरा ओशाळले. मग म्हणाले, "एक बाई होती आमच्या नाटकात. पोरगं मरते अन् थे माय बोलते, असा सीन. बाई थांबली. मले वाटलं विसरली. मी वाक्य देल्लो, तिनं घेतलं, बोलली, टाळ्या पडल्या. आत आली अन् मले म्हणते, काकाजी, मी विसरली नव्हती, माह्यं येऊन राहिलं होतं, तुम्ही कायले देल्ले?" त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "विसरला तं त्याले द्याव. ज्याचं येऊन राहिलं, त्याले देऊ नाई. पोरीचं येऊन राहिलं, बाई." मी फणकारून आत गेले. येऊन राहिलं म्हणे! येतंय, येतंय, पण कधी?

मग शाळेचं आलं. गोंदियातल्या एका चांगल्या म्हणवणाऱ्या बालवाडीत प्रवेशाआधी मुलाला नाव विचारतात. बाईंनी विचारलं, "बेटा, नाम क्या है?" आमचं रत्न बाईंच्या कानातल्या झुमक्याकडे बघत राहिलं. बाई गोड हसल्या आणि पुढच्या वर्षी या म्हणाल्या. घरी आलो. दार उघडलं, पोरगी काकाजींकडे पळाली आणि भांडणाला तोंड फुटलं. आणखी मोठ्या डॉक्टरांना दाखवा, नागपूरला न्या, माझं चालूच. "तुम्हाला काय! तुम्ही सकाळी निघता, संध्याकाळी येता, तुम्हाला काही वाटत असेल तर ना!" असं मी म्हणाले, आणि ते फार वाईट होतं. नवऱ्याचा चेहराच उतरला. "म्हणजे मला काय," तो म्हणाला, "मला काय पोरीची…" आणि तिथेच अडला.

पडदा हलला नाही. काकाजींचा आवाज नाही. इतकं सोपं वाक्य आणि प्रॉम्प्टर गप्प! आणि मग पडद्यामागून आलं, दबक्या आवाजात, ओरडून नाही, बरोबर नटाच्या कानात जाईल एवढंच.

"काळजी नाही?"

काकाजींचीच फेक, पण आवाज इवलासा. मी धावत जाऊन पडदा ओढला. खुर्चीत काकाजी, तोंडात दुपट्ट्याचा बोळा कोंबलेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मांडीवर हेमांगिनी, पुढचं वाक्य केव्हा अडतं म्हणून पप्पाकडे बघत. काकाजींनी बोळा काढला. "वाक्य माह्या तोंडापर्यंत आलं होतं व माय," ते म्हणाले. "पाह्यलं तं पोट्टीचे ओठ हालून राहिले. मंग दाबलं." मी त्या दोघांना एकदमच मिठी मारली आणि मोठ्याने रडले. लाज कसली त्यात!

त्यानंतर ती लगेच पोपटासारखी बोलायला लागली म्हणाल, तर छे! पुढचे कित्येक दिवस पुन्हा गप्प. मग एक शब्द, मग दोन, मग एकदम शेजारणीला "आता घरी जा" असं अख्खं वाक्य. सगळं तिच्या मर्जीने. वाचायला शिकतानाही तेच. काकाजी, म्हणजे तिचे आबाजी, तिला घेऊन नाक्यावर जायचे आणि दुकानाच्या पाटीसमोर उभे राहायचे. 'मिष्टान्न भांडार' या पाटीखाली आजा-नात इतका वेळ उभे, की दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "चाचा, लेना क्या है?" काकाजी म्हणाले, "अभी पढ़ रहे हैं, बाद में लेंगे." पोरीने 'मि' म्हटलं, मग मान वाकडी करून त्या 'ष्टा'कडे पाहिलं. काकाजींनी हूं की चूं केलं नाही. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. अखेर तिने पाटी वाचली तेव्हा एका अनोळखी बाईने टाळी वाजवली आणि दुकानदाराने तिच्या हातावर पेढा ठेवला. आज ती दुसरीत आहे आणि तिला गप्प कसं करावं, हा आमच्या घरातला प्रश्न आहे.

काकाजी आता थकले. विंगेत बसून साऱ्या मुलखाला शब्द वाटले, आणि आता त्यांचेच शब्द त्यांना मिळेनासे झालेत. "ते दे… ते…" म्हणून हात पुढे करतात. चष्मा? काठी? दुपट्टा? आम्ही सगळे धावून धावून पुरवतो. आम्ही घाईघाईने दिलेले शब्द ते घेतातही, पण कसनुसं हसून. ते हसू मला बघवत नाही.

परवा रविवारी सकाळी हेमांगिनी त्यांच्या पायाशी बसून त्यांच्याच एका जुन्या नाटकाचं पुस्तक वाचत होती. काकाजींना तिला काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी हात वर केला, तिच्याकडे पाहिलं, "अवो…" म्हणाले आणि थांबले. ओठ हलले, पण नाव येईना. तिचंच नाव. त्यांनीच बारशात मागून ओरडून ठेवलेलं. नवऱ्याने तोंड उघडलं तशी पोरगी चटकन वळली. "पप्पा, गप राहा नं," ती म्हणाली. "आबाजीचं येऊन राहिलं."

तिने पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं, हनुवटी तळहातावर टेकवली आणि त्यांच्याकडे बघत बसली. कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मी ओट्याची कड घट्ट धरून उभी होते. काकाजी तिच्या तोंडाकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून.

"हेमांगिनी," ते म्हणाले.

"हं, काय आबाजी?"

पण काय सांगायचं होतं, ते आता त्यांना आठवेना. मग ती त्याचीही वाट बघत बसली.