पापण्यांनी वेचायचं मीठ

बर्फ हटवणाऱ्या ट्रकवाल्या काकांमुळे माझी नोकरी वाचली. शिकागोतला माझा पहिला हिवाळा. नववीत शाळा सोडलेला मी, हॉटेलात स्वयंपाकी. पायऱ्यांवरचा बर्फ जावा म्हणून बादलीभर कढत पाणी ओतलं, तर पाच मिनिटांत ते गोठून नुसती काच! मालक यायची वेळ झालेली.

तेवढ्यात ट्रक थांबवून काका उतरले आणि मिशांतला बर्फ झटकत हसले. "बर्फाला चहा पाजलास होय रे?" म्हणत त्यांनी पेरणी करावी तसं मूठमूठ मीठ फेकलं.

मी मोडक्या इंग्रजीत कळवळलो, "काका, सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं!"

"मग दोघं मिळून वेचू की."

मिठानं बर्फ चुरचुरत सुटला, काका गेले. नाव विचारायचं राहिलंच. पण काका, वर भेटलात की तुमच्या वाटणीचंही मीच वेचेन. शब्द देतो.