चिकटलेला क्लच

आज एका गॅरेजसमोर रॉकेलचा आणि जुन्या ऑइलचा वास आला, आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापलं.

बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली होती, मी कॉलेजात होते. तिथल्या शास्त्रीनगरच्या घरी त्यांची जुनी मोटारसायकल उभी राहून राहून तिचा क्लच चिकटला होता. क्लच दाबून गिअर टाकला तरी गाडी पुढे उडी मारून बंद पडायची. दादाने तिला दोन शिव्या घातल्या आणि तो कूलरसमोर जाऊन झोपला. मीच अंगणात बसून कव्हर उघडलं, एकमेकींना चिकटलेल्या प्लेटा सोडवल्या, रॉकेलने धुतल्या, परत बसवल्या. बोटं सोलून निघाली. पण संध्याकाळी क्लच दाबल्यावर गाडी गिअरमध्ये शांत उभी राहिली.

शेजारचे शर्माजी फाटकाशी आले. "अरे वाह, ठीक हो गई?"

"हां जी, बेटे ने ठीक कर दी," बाबा म्हणाले.

"बाबा, मी केली!"

"अगं हो, पण मुलगी गाडी खोलत बसते, असं सांगू त्यांना?" ते हळूच म्हणाले.

मी शर्माजींकडे वळले. "अंकल, मैंने ठीक की है. भैया तो सो रहा था." आणि किक मारून थेट झोटवाड्याच्या रस्त्याला लागले.

बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना माझी लाज वाटते, असं तेव्हा वाटायचं. आता कळतं, ते फक्त लोकांना घाबरत होते. त्याने राग कमी होत नाही, उलट वाढतोच. एवढ्याशा भीतीपायी त्यांनी मला माझ्यादेखत पुसून टाकलं होतं.