देखणा तेवढा उचल

प्रयोगशाळेतली पोरं तिला काकू म्हणायची. मानवी भ्रूणातून काढलेल्या मूळपेशींचा एक वाण सांभाळणं हे तिचं काम. या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. ना कातडी, ना काळीज. त्यांना तसंच ठेवायचं. म्हणून रोज ताटलीतला गुलाबी द्रव बदलायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवड करायची. काठ विस्कटलेले पुंजके खरवडून टाकायचे, गोल, घट्ट, रेखीव असतील ते पुढच्या ताटलीत न्यायचे. तिची नजर त्यात बसली होती. नव्या पोरींना ती सांगे, देखणा तेवढा उचल, बाकीच्यांची माया नको.

पेशींना रविवार कळत नाही. ती चपला सरकवायला लागली की नवरा पांघरुणातूनच म्हणे, "जा, लेकरं उपाशी असतील." घरात दुसरं लेकरू नव्हतं, तरी त्या थट्टेला धार नव्हती. धार वहिनीच्या बोलण्याला होती. आईने अंथरूण धरलं तेव्हा भावाच्या घरून तिचाच फोन यायचा. पुंजके फोडून नव्या ताटल्यांत लावलेत, ते रुजले की निघतेच, असं ही सांगायची. शेवटच्या फोनवर वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही सावकाश या. आईंनी विचारणं सोडलंय."

ती पोचली तेव्हा आईला नेऊन झालं होतं. परतताना तिने मनाशी एकच गाठ मारली. या वाणातून घडवलेल्या पेशी उद्या कुणाच्या तरी गेलेल्या डोळ्याला उपयोगी पडतील. तेवढं झालं की वहिनीच्या नजरेला नजर देता येईल.

त्याआधी वाणाची पूर्ण तपासणी व्हायची होती. कोणती जनुकं जागी, कोणती झोपलेली, याचा निकाल आधी आला. जी जागी हवीत ती सगळी जागी होती. पोरांनी तिला चहा पाजला. मग गुणसूत्रांचा निकाल आला. जवळजवळ प्रत्येक पेशीत एका गुणसूत्राचा तुकडा जास्तीचा होता. असल्या पेशी भराभर वाढतात, विस्कटत नाहीत, देखण्या दिसतात. माणसात घातल्या तर गाठ होण्याची भीती.

प्रमुख बाईंनी तिला बसवून घेतलं. दोष कुणाचाच नाही, हे सगळीकडे होतं, म्हणाल्या.

"म्हणजे चांगल्या टाकल्या, आणि ह्याच उचलत आले मी?"

बाई टेबलावरचं पेन सरळ करत राहिल्या.

सुरुवातीची एक गोठवलेली कुपी उरली होती, तिच्याच हाताने भरलेली. तिच्यात तरी तो तुकडा नसेल म्हणून ती वितळवली. बरेच दिवस ताटलीत काही दिसेना. मग कडेला दोनतीन रोडके, विस्कटलेले पुंजके रुजले, आणि मधोमध एक गोल, रेखीव. रोडक्यांना तिने खरवडायचं पातं लावलं नाही, नुसतं खाऊ घातलं. पण काहीच न होता राहणं त्यांना जमेना. ते चपटे होत गेले आणि वाढायचे थांबले. जगला तो रेखीव. त्याच्यातही तो तुकडा निघाला.

वाण बंद करायचं ठरलं. ब्लीच तिनेच ओतलं. गुलाबी रंग उडाला तरी ती ताटली हातात धरून होती.

रविवारी ती नेहमीच्या वेळी उठली. पांघरुणातून आवाज आला, "जा, लेकरं..." आणि तिथेच तुटला. एक चप्पल पायात चढवून झाली होती. भावाच्या घरी, वहिनीसमोर जायला आता सबंध दिवस मोकळा होता.

तिने ती चप्पल काढली.