रद्दीचा लगदा आणि मामाचं वावर

'रद्दी द्या, झाडं वाचवा' असं आमच्या पर्यावरण गटाच्या पत्रकावर छापलेलं असतं. ते खोटं नाही. जुन्या कागदापासून कागद केला की बांबू तोडावा लागत नाही, पाणीही कमी लागतं. पण रद्दीवरची शाई जाते कुठं? मी हे पत्रकात लिहायला घेतलं, तर गटातले एक वडीलधारे म्हणाले, "कायले घोळ घालून राह्यली? लोक रद्दी देणं बंद करतील." म्हणजे लोकांना अर्धंच सांगायचं. वा रे पर्यावरण!

शाई कुठं जाते ते मी सांगते. दिग्रसजवळ माझ्या मामाच्या गावातल्या वावरांत. तिकडच्या पेपर मिलमध्ये रद्दी धुतली की राखाडी लगदा उरतो. त्यात शाई, डिंक, प्लास्टिकच्या चिंध्या, स्टेपलच्या पिना. त्याची विल्हेवाट लावायला खर्च येतो, म्हणून मिलवाले तो 'खत' म्हणून शेतकऱ्यांना फुकट वाटतात.

यंदा पेरणीआधी मी गेले, तर लगद्याची ट्रॉली मामाच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाला येऊन उभीच.

"मामा, नका टाकू. पल्याडच्या वावरात मागच्या साली टाकलं, तं पुठ्ठ्यासारखी खपली धरली. सोयाबीन निघालंच नाही."

"अवो बाई, शेणखत कुठून आणू? ढोरं राह्यले कुठं गावात?"

माझं रद्दीचं काम ठाऊक असलेला ट्रॅक्टरवाला वरूनच म्हणाला, "ताई, तुमच्याच रद्दीचं हाये हे. घरचा माल घरी आला!"

दोघंही खदाखदा हसले. मग मामा चप्पल काढून वाकला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो; त्याशिवाय तिला पाणीसुद्धा विचारत नाहीत. मी पाय मागे घेतले.

"काहून वो?"

"वावरात घाण टाकता अन् माझ्या पाया पडता? नाही पडू देत. आजपासून नाहीच."

मामाचं तोंड उतरलं. भाचीनं पाय मागे घेतले, आणि तेही परक्या माणसासमोर! संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

"भाची हाये का पोलीस?" असं पुटपुटत तो ट्रॅक्टरवाल्यावर खेकसला, "ने रे हे इथून!" आणि मग पाया पडला. रागारागानं, पण पडला.

ट्रॅक्टर वळला. मिलकडे नाही, शेजारच्या वावरात. तिथं कोणी अडवलं नाही. मी धावत पोचेपर्यंत ट्रॉली रिकामी झाली होती. त्या वावराच्या मालकाची मी काही भाची नव्हते.